आक्काचा छल्ला

आक्का गेल्याचं सांगायला धाकटा भाऊ महादेव हुपरीहून पहिल्या एस.टी.नं कोल्हापूरला माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला, चपलाही काढेना. "आक्का..." एवढंच म्हणाला. आणि मी वेडी, तिच्या मलमपट्टीसाठी आणून ठेवलेला कापूस पिशवीत भरायला लागले.

आमचं घर चांदीकामाचं. घरातल्या सगळ्या पोरीबाळी पैंजण वाजवत फिरायच्या. थोरल्या बहिणीचे, आक्काचे पाय तेवढे मुके. तिच्या पायांवर जांभळ्या रेषांचं जाळं होतं. उन्हाळ्यात घोट्यांपाशी जखमा व्हायच्या, भरल्या की पांढरे वण राहायचे. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, हा रोग दुसऱ्याला लागत नाही, पण जातही नाही, असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गाव मात्र महारोगच म्हणायचं. तिला बघायला पाहुणे यायचे ठरले, तेव्हा आमच्या वडिलांनी, आप्पांनी, चांदीकाम करणाऱ्यालाच सुचावा असा उपाय काढला. वण झाकतील असे रुंद, घुंगरांचे पैंजण त्यांनी स्वतः घडवले. आक्का चहा घेऊन सोप्यात येईपर्यंत चांदी घासून जखम उघडली होती. पाहुण्यांसमोरच ती खाली बसली आणि तिनं पैंजण काढले. "हे असं हाय. कुणाला लागत न्हाय. नीट बघून घ्या."

पाहुणे चहा न पिताच उठले. आप्पा लेकीचे पाय मांडीवर घेऊन बसले, पोरासारखे रडले. पुढं ते पैंजण आटवून त्यांनी किल्ल्यांचा छल्ला केला, घुंगरं तीच लावली. "पायात न्हाय तर न्हाय. कमरंला वाजूदे की, पोरी."

तो छल्ला आक्कानं जन्मभर मिरवला. लग्न झालं नाही. पाय ठणकले की भिंत धरून चालायची, पण घरभर चालायची आणि सगळ्यांवर हुकूम सोडायची. घुंगरं वाजली की महादेव कामावरची मान वर न करता चहा मागायचा. फार लाडावून ठेवला होता तिनं त्याला.

परवा हुपरीला गेले होते. कपाट उघडायचं म्हणून खुंटीवरचा छल्ला घेतला आणि सवयीनं कमरेला खोचला. सोप्यात महादेव खाली मान घालून पैंजणाला घुंगरं जोडत होता.

"आक्का, च्या टाक की," तो म्हणाला... आणि त्याचा हात थांबला.

मला रडू फुटलं, पण मी वळले नाही. तशीच छल्ला वाजवत आत गेले आणि स्टोव्हला पंप मारायला लागले.