ताईच्या मशीनच्या दोन बॅटऱ्या

वस्तीत त्याला सगळे ‘ॲसिड’ म्हणत. स्वभावावरून नव्हे, पँटींवरून. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीत एकतीस वर्षं काढलेला माणूस तो. बॅटऱ्यांचं ॲसिड उडून त्याच्या प्रत्येक पँटीला गुडघ्याखाली भोकं पडलेली असत. थोरली बहीण ती रफू करायला बसायची आणि म्हणायची, "पँट आणलीस की चाळण?"

आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीनेच त्याला वाढवलं. कापूस पिंजायच्या कारखान्यात उभं आयुष्य काढून तिने त्याला शिकवलं. त्या कापसाचं तूस तिच्या छातीत जाऊन बसलं. साठी उलटली तशी धाप लागायला लागली, आणि दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की आता हिला ऑक्सिजनच्या मशीनशिवाय राहता येणार नाही. मशीन चालायचं विजेवर. वीज गेली की घरात आधीपासून असलेल्या इन्व्हर्टरवर, म्हणजे जोडीने लावलेल्या दोन मोठ्या बॅटऱ्यांवर.

"जन्मभर लोकांचे फोन सांभाळलेस, आता मला सांभाळ," ताई म्हणाली. त्याने मान डोलावली. या कामात तरी त्याचा हात कुणी धरणार नव्हता.

पण त्या वर्षीच्या उन्हाळ्याने त्याच्या तोंडचं पाणी पळवलं. पारा त्रेचाळीसवरून खाली येईना, आणि रोज दुपारी बाराला वीज जायला लागली. आधी दोन तास, मग तीन, मग पाच. नव्या असताना या बॅटऱ्यांनी आठ तास सहज काढले असते. आता त्यांना चार वर्षं झाली होती.

आणि चार्जर होता बिनडोक. थंडी असो की ऊन, तो एकाच व्होल्टेजने बॅटरी भरायचा. पंचवीस डिग्रीला जे व्होल्टेज योग्य, ते चाळीसला जास्त होतं. बॅटरी खदखदते, पाणी उडतं, आतल्या प्लेटा झडतात. सतत दहा डिग्री जास्त तापली तर तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. हे त्याला पाठ होतं. म्हणून त्याने चार्जर उघडून आतला स्क्रू फिरवला आणि व्होल्टेज उतरवलं. बॅटऱ्या निवल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी बारापर्यंत पूर्ण भरल्याच नाहीत. अर्धवट भरलेली बॅटरी रोज रिकामी करायची म्हणजे तिला हळूहळू मारायचंच. व्होल्टेज चढवलं तर उकळून मरणार, उतरवलं तर उपाशी मरणार. तो स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे करत बसायचा.

त्याने जिवाचं रान केलं. घरात सर्वांत गार जागा न्हाणीची, म्हणून बॅटऱ्या तिथे हलवल्या. दोघींमध्ये चार बोटं अंतर ठेवलं, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, वरची बाजू कोरडी आणि खिडकी उघडी ठेवली, कारण भरताना निघणारा वायू कोंडला तर स्फोट. स्वतः अंगणात नळाखाली आंघोळ करू लागला.

"माझ्यापेक्षा त्यांचेच लाड जास्त चाललेत," ताई नाकातली नळी सावरत म्हणाली.

"त्या तक्रार करत नाहीत," तो म्हणाला.

ताई हसली आणि हसता हसता बराच वेळ खोकत राहिली.

रोज सकाळी तो दोन्ही बॅटऱ्यांच्या सहा-सहा सेलमधलं ॲसिड काचेच्या नळीत ओढून त्यातला तरंगता काटा बघायचा; काटा जितका वर, तितका सेल भरलेला. अकरा सेल ठीक होते. डावीकडच्या बॅटरीतला पाचवा मात्र दर दिवशी खाली चालला होता. हात लावला तर शेजारच्यांपेक्षा गरम लागायचा. नवी बॅटरी शहरभर कुठेच मिळत नव्हती. सगळ्यांच्याच या उन्हात गेल्या होत्या. लहान ऑक्सिजन सिलेंडर भरायला दिलेला, तो तीन दिवस परत आला नव्हता. ताईला यातलं काही बोलायचा धीर त्याला झाला नाही.

चौथ्या दिवशी वीज गेली आणि तासाभरातच इन्व्हर्टर टिटी करू लागला. तो न्हाणीत धावला. सडक्या अंड्यांसारखा वास नाकात घुसला. पाचवा सेल आतून शॉर्ट झाला होता. बाहेर येईपर्यंत मशीन बंद पडलं.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. बोलायला दम नव्हता. ओठ काळसर होऊ लागले.

अँब्युलन्सवाल्याने फोनवर दोन तास सांगितले. हॉस्पिटल पाऊण तासावर, त्यात सिग्नल बंद. ऑक्सिजनशिवाय ती तेवढी टिकणार नव्हती. तो रस्त्यावर आला आणि समोरच राहणाऱ्या टॅक्सीवालीच्या दारावर मुठी आपटू लागला.

"गाडी खिडकीला लाव! लगेच!"

"काका, कुठे जायचंय?"

"कुठे नाही! इंजिन चालू ठेव फक्त!"

तिने पुढे एक शब्द न विचारता गाडी भिंतीला खेटवली. त्याने मेलेली बॅटरी सोडवली, जाड केबल खिडकीतून बाहेर ओढली आणि तिच्या जागी टॅक्सीची बॅटरी जोडली. असा जुगाड एक्स्चेंजमध्ये कुणी केला असता, तर त्याने त्याला खोलीबाहेर काढलं असतं. घाईत पाना दोनदा निसटला.

"एसी लावू नकोस. दिवेही नकोत. पाय एक्सिलरेटरवर हलका ठेव."

मशीन घुरघुरलं, थांबलं, मग चालू झालं.

साडेतीन तास टॅक्सीवाली त्या भट्टीत घाम गाळत बसली. खिडकीतून मधूनमधून विचारायची, "कशा आहेत मावशी?" तो एक हात केबलवर ठेवून होता, तापतेय का बघायला, आणि दुसरा ताईच्या पायावर. पाचला वीज आली, तेव्हा तो भिंतीला टेकून मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"पुरे आता," ताई पुटपुटली. "मला हॉस्पिटलात ने. तू झोप जरा."

दुसऱ्या सकाळी टॅक्सीवालीनेच दोघांना पोचवलं. वॉर्डात ऑक्सिजन भिंतीतून येत होता, वीज एकदाही गेली नाही. तरी नवव्या दिवशी, सकाळी डॉक्टर फेरीवर असतानाच, ताई गेली. छातीतच काही उरलं नव्हतं, असं ते म्हणाले.

घरी आल्यावर तो थेट न्हाणीत गेला. उरलेली एक बॅटरी त्याने घरातल्या दुसऱ्या एका जुन्या, छोट्या चार्जरवर ठेवलेली होती, तशीच ती भरत होती. टॅक्सीवाली दारात उभी राहिली.

"काका, बंद करू का?"

"थांब," तो म्हणाला. "पाणी किती आहे ते बघू दे."

त्याने झाकणं काढली आणि एकेका सेलमध्ये डोकावत, सावकाश पाणी घालत राहिला. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.