आईचं एकच म्हणणं

आईला साखर होती, हृदय अशक्त झालं होतं आणि पुढे किडन्याही थकल्या. प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा. पायांची सूज उतरावी म्हणून हृदयाचे डॉक्टर लघवीची गोळी वाढवायचे, रक्ताचा रिपोर्ट बघून किडनीचे डॉक्टर तीच कमी करायचे. साखरेवाले या दोघांकडे न बघता इन्सुलिन वाढवायचे. मी नाहूरहून तिला रिक्षात घालून तिघांकडे न्यायचे आणि जो जे सांगेल ते करायचे.

एका दुपारी ती ओट्यापाशी बसकण मारून बसली. अंग घामाने थबथबलेलं, बोलणं अडखळणारं. इन्सुलिन घेतलं होतं, पण मळमळतंय म्हणून जेवली नव्हती. मी साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. ती सावरली. मला ना भीती वाटली ना रडू आलं. मी कुकर लावला.

त्यानंतर मुलुंडच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी तिन्ही फायली वाचल्या, बाकीच्या डॉक्टरांना फोन केले आणि मग आईला विचारलं, "आजी, तुम्हाला काय हवंय?"

आई म्हणाली, "माका माझ्या पायान संडासाक जावक व्हया. बाकी तुमका व्हया ता करा."

बाई हसल्या नाहीत. "मग तेवढंच धरून चालू," म्हणाल्या.

साखर थोडी जास्त राहिली तरी चालेल, पण खाली जाता कामा नये, असं ठरलं. लघवीची गोळी सकाळी, म्हणजे झोपेतून उठावं लागणार नाही. रोज सकाळी बोटाला टोचून साखर तपासायची आणि वजन बघायचं. एकदम वाढलं तर बाईंना फोन करून गोळी बदलायची. जेवण नीट नसेल तर इन्सुलिन किती, तेही सांगून ठेवलं. उन्हाळ्यात सगळं पुन्हा बदललं, जुलाब झाले तेव्हा परत एकदा. मी बदलत गेले. ऑफिसातलं काम करावं तसं.

भाऊ ठाण्याहून यायचा. "तुझी वाट लागलीय गं," म्हणायचा. मला तसंही काही वाटत नव्हतं.

आई भिंतीला धरून, पण स्वतःच्या पायांनी जात राहिली. मग एक दिवस तिला उठता येईना. डॉक्टरबाई घरी आल्या, तिच्याजवळ बसल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "आता सुया बंद करू. दम लागू नये, दुखू नये, एवढंच बघायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर आईने सवयीने बोट पुढे केलं.

"आता टोचायचं नाही, आई."

"बरा झाला," ती म्हणाली आणि हात पांघरुणात घेतला.

त्याच आठवड्यात ती झोपेतच गेली. भाऊ हमसून हमसून रडला. मी उरलेल्या गोळ्या पिशवीत भरल्या आणि केमिस्ट परत घेईल का, ते विचारायला खाली उतरले.