जिलानीभाई आणि जुनी तार

लातुरात मी सायकलसकट आमच्याच क्लासच्या फलकावर धडकलो. क्लासमध्ये भौतिकशास्त्र मीच शिकवतो. ब्रेकचे नवे लिव्हर घरीच बसवले आणि तार मात्र जुनीच ठेवली. नव्या लिव्हरला ती आखूड पडली, म्हणून टोकाला कशीबशी आवळली होती. ती सुटली.

सायकलवाल्या जिलानीभाईंनी तार बोटावरून फिरवली. फलकावरचे निम्मे गुणवंत यांनीच दुरुस्त केलेल्या सायकलींवरून सुखरूप क्लासला पोचले, पण भाईंचा फोटो कुठल्याच फलकावर नाही.

"सर, हिचे धागे तुटून राहिलेत."

"तीच घट्ट आवळा की, भाई. रविवारी औशाला जायचंय."

त्यांनी पक्कड उचलली आणि तारेचे दोन तुकडे केले. काढलेली तार ते गिऱ्हाइकासमोरच तोडतात. घरी नेऊन कुणी परत बसवायला नको.

मी चिडलो. भाईंच्या दुकानाला भूकंपातल्या तात्पुरत्या शेडचे पत्रे, बसायला जुने टायर, पाने टांगायला मोडक्या स्पोकचे आकडे.

"तुमचं अख्खं दुकान जुन्या सामानाचं, आणि माझ्या एका तारेवर एवढा राग?"

नवी तार ओवता ओवता भाई म्हणाले, "सर, दुकान पळत न्हाई."