तीन नंबरचा पाणवठा

जळगावच्या दाणाबाजारात रिखबचंद कोचर यांचं दुकान आहे, पण "शेठ आहेत का?" असं विचारलं की नोकर न बघताच सांगतो, "मीटिंगला गेलेत." सत्तावीस वर्षं ते समाजाच्या जीवदया फंडाचे सेक्रेटरी. भाकड गाई, कबुतरांचं धान्य, जखमी मोर, सगळं त्यांच्याच गळ्यात. सत्तरी आली, गुडघे बोलायला लागले, तरी दुसरं कोणी हे ओझं उचलायला पुढे येईना.

दोन वर्षांपूर्वी नूतन पाटील त्यांच्याकडे आली. रावेरच्या केळीवाल्याची ही मुलगी प्राणिशास्त्रात पीएचडी करत होती. सातपुड्याच्या अभयारण्यात पाणवठे आटले की भेकरं, सांबरं कुठे जातात, हा तिचा विषय. तो सरकारी योजनेत बसत नव्हता. कॅमेरे आणि जीपच्या डिझेलपुरती मदत तिला हवी होती.

मीटिंगमध्ये फंडाचे एक सभासद प्रेमराज लोढा हसले. "उद्या बिबट्याला पैसे द्याल, रिखबजी. तो काय भाजी-भाकरी खातो?"

"बिबट्याला नाही, पोरीला देतोय," रिखबचंद म्हणाले. तासभर घासाघीस करून त्यांनी ठराव पास करून घेतला.

या मार्चमध्ये नूतनचा अहवाल आला. रिखबचंदांनीच तो मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला. 'पाचही पाणवठे एप्रिलअखेर कोरडे पडतात.' प्रेमराजांनीही डोळे पुसले. मुकी जनावरं तहानलेली आणि आपण इथे सरबत पितो? टँकरचा ठराव दोन मिनिटांत झाला. वनखात्याची परवानगीही मिळाली. नूतन जंगलात होती, फोनला रेंज नव्हती. तिला विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. रिखबचंदांच्याही नाही.

एप्रिलअखेर ते स्वतः टँकरबरोबर गेले. भटू हा धुळ्याकडचा ड्रायव्हर. सकाळपासून चार पाणवठे भरून झाले होते. राहिलेल्या तीन नंबरच्या पाणवठ्यावर, भेगाळलेल्या मातीच्या कडेला नूतन झाडाला पाठ टेकून बसली होती. तिने उठून नमस्कार केला, पण तिला हसता आलं नाही.

"खूश नाहीस का गं?"

"भाऊ, पाणी आटल्यावर ती कुठे जातात, तेच बघायचं होतं." ती बुटावरची धूळ झटकत राहिली. "आता ती कुठेच जाणार नाहीत. माझी संशोधनाची परवानगी मेअखेरपर्यंतच आहे. दोन वर्षं गेली."

"मग हे रिपोर्टात लिहायचं ना!"

"पाणी आणा असं तरी कुठे लिहिलं होतं?"

रिखबचंद दगडावर बसले. उभ्या जन्मात त्यांनी दारातलं कुत्रंही तहानलेलं हाकललं नव्हतं.

भटूने पाइप ओढला. "शेठ, सोडू का पानी?"

"एक जरी कोरडा राहिला तर चालेल का?" त्यांनी नूतनला विचारलं.

"हा राहिला तर थोडं काही हाती लागेल."

"भटू, पाइप गुंडाळ."

"आणि जनावरं पान्याबिगर तिशी मरतीन ते?"

"गुंडाळ म्हटलं ना!"

रविवारी मीटिंगमध्ये प्रेमराजांनी तोंडसुख घेतलं. "वा! सत्तावीस वर्षं जीवदया केलीत आणि शेवटी पाणी तोडलंत?" रिखबचंदांनी बरंच समजावलं. लोक माना डोलावत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तीन नंबरचं तुम्ही बघा. आमच्या नावावर नको."

घरी पत्नी राजकुंवरबाईंनी ताट वाढलं. "पाप लागायचं तर उपाशीपोटीही लागेल. जेवून घ्या."

रोज सामायिकाला, ध्यानाला बसले की त्यांना ती भेगाळलेली माती दिसायची. मेच्या तिसऱ्या आठवड्यात नूतनने गावात उतरून फोन केला. आवाज दमलेला, पण भरभरून बोलत होती. "भाऊ, तीन नंबरची भेकरं नाला ओलांडून दोन नंबरला जाताहेत! चार किलोमीटर! वाटेत शेतं आहेत, तरी रात्री जातात. कॅमेऱ्यात आलंय."

"सगळी पोचतात ना?"

फोनवर वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"तीन नंबरला अकरा ओळखीची होती. दोन नंबरला आठ दिसली. तिघांचं अजून माहीत नाही."

"बघून सांग," ते म्हणाले. "जे असेल ते सांग."

त्यांनी फोन गल्ल्यावर ठेवला. नोकराने चहा आणला, तो त्यांनी परत पाठवला.