हरिहरचं लांबलेलं बी. ए.

पन्नास सालची गोष्ट. टेंभी नाक्यावरचा आमचा शेजारी हरिहर कॉलेजातले विषय निवडायचा ते नातेवाइकांची जुनी पुस्तकं पाहून. मामाची आली, संस्कृत घेतलं. मेहुण्याची आली, लगेच अर्थशास्त्र! दर वेळी वर्ष नव्याने सुरू. चार वर्षांचं बी. ए. सातव्या वर्षीही अडलेलं, आणि पदवीशिवाय मंदाकिनीचे वडील तिचं लग्न याच्याशी लावेनात. शेवटी तीच ओटीवर येऊन उभी राहिली.

"मी वेळेत बी. ए. झाले. तुम्ही काय पेन्शनीत होणार?"

"अगं, परवाच काकांनी तत्त्वज्ञान पाठवलंय..."

"परत पाठवा! संस्कृतच पुरं करा."

मी चौथी शिकलेला, पण मलाही पटलं. दोन वर्षांत हरिहर पास झाला. लग्नपत्रिकेत दोघांच्याही नावापुढे बी. ए. छापलं, नवरीचं मात्र ठळक अक्षरांत.