शिसवी बाकडं परत आणलं तेव्हा

माझ्या घरातली एकही वस्तू मी सांगितल्या किमतीला घेतलेली नाही. जुनीही नाही आणि नवीही नाही. लोक घर बघायला येतात, रंगीत काचांच्या तावदानाखाली उभे राहून फोटो काढतात आणि विचारतात, हे सगळं सुचलं कसं. सुचलं वगैरे काही नाही. जे पडत्या भावात मिळालं ते घेतलं आणि मग ते कुठे शोभेल ते बघितलं.

घर सासरचं, चिऱ्यांचं, वर नळ्यांचं, म्हणजे जुन्या गोल कौलांचं, छप्पर. पाडून स्लॅब टाका, असं अर्ध्या वाडीचं मत होतं. मी काजूच्या धंद्यातली बाई. बाजारात टोपली घेऊन बसण्यापासून स्वतःच्या कारखान्यापर्यंत आले, तेव्हा फुकटचा सल्ला कुठे ठेवायचा ते मला कळतं. भिंती ठेवल्या, लाल कोबा घासून घेतला, छपरात चार ठिकाणी काचेचे नळे बसवले. सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ उलटं टांगून त्यात दिवा सोडला. स्वयंपाकघर मात्र नव्या पद्धतीचं केलं, कारण वाकून वाकून चूल फुंकण्यात मला कसलंच सौंदर्य दिसत नाही. नवऱ्याने एकच मागणी केली होती. "माका पाठ टेकूक होयी," म्हणून कोल्हापूरहून मागे रेलणारी मोठी खुर्ची आणली. ती पडवीत जुन्या पितळी समईशेजारी बसली आणि नवऱ्यासकट शोभली.

अडलं ते एका भिंतीशी. पडवीची समोरची भिंत, जिथे शिसवी बाकडं असायचं. तिथे मी दिवाण ठेवून पाहिला, वेताच्या खुर्च्या ठेवून पाहिल्या, एक महागडा सोफा दुकानदाराशी भांडून परत केला. काही केल्या ती भिंत भरेना.

त्या बाकड्यावर घरातल्या सुना बसत नसत. पुरुष बसायचे, पाहुणे बसायचे, सुना दाराआडून चहा द्यायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा काजूचा व्यापारी आला होता आणि सासरे त्याच्यापुढे बी मातीमोल द्यायला निघाले होते. मी दाराआडूनच म्हटलं, "गेल्या आठवड्याक ह्याच्यापेक्षा जास्ती देय होतो तो." व्यापाऱ्याने मान वळवली. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा सरकले आणि म्हणाले, "हय येवन बस गो. तूच बोल." मी बसले आणि बोलले. त्यानंतर ते बाकडं माझ्यापुरतं बाकडं राहिलं नाही. ती माझी या घरातली जागा होती.

आणि ते थोरल्या दिरांनी विकलं. सासरे गेल्यावर छपराचं काम निघालं, सामान बाहेर काढलं होतं, मी चार दिवस कारखान्यावर होते. जुनं सामान घेणारा टेंपो फिरत आला आणि भावोजींनी बाकडं देऊन टाकलं. त्याने जे म्हटलं तेवढ्यालाच. विकलं याचा राग होताच, पण घासाघीस न करता विकलं, हे मी आजही विसरलेले नाही. तेव्हापासून भावोजी घरी आले की मी त्यांना प्लॅस्टिकची खुर्ची द्यायची आणि चहा नवऱ्याच्या हातून पाठवायची. सगळ्या वाडीला त्याचा अर्थ कळत होता. भावोजींनाही.

शिरोड्याच्या वाटेवर एका माणसाचं जुन्या सामानाचं गोदाम आहे. जुनी दारं, पलंग, कपाटं गोळा करून तो किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवाल्यांना विकतो. मी तिथे आरशाची चौकट बघायला गेले होते, आणि मागे, मोडक्या पाळण्याच्या पलीकडे, ते दिसलं. टोकाला सासऱ्यांच्या विडीचा काळा डाग होता. पण मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. मी शेजारच्या एका खुर्चीचा भाव विचारला, नाक मुरडलं आणि निघाले. गोदामवाला आपणहून म्हणाला, "ता बाकडा बगलात वयनी? तोंडवलीचो रिसॉर्टवालो बगून गेलो. रविवारी घेवन जातलो."

म्हणजे रविवारच्या आत हालचाल करणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टेंपो घेऊन गेले, आणि बरोबर काकांना घेतलं. काका म्हणजे माझे चुलत सासरे. घरासाठी घेतलेली कुठलीही मोठी वस्तू जागची हलवण्याआधी नारळ ठेवायचा आणि काकांनी देवाला गाऱ्हाणं घालायचं, ही आमची रीत. काका मागणं मागतात आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. नव्या फ्रिजलासुद्धा काकांनी गाऱ्हाणं घातलं होतं.

वाटेत मी त्यांना पढवलं. "काका, बाकडा आमचा आसा ह्या त्येका अजिबात सांगूचा नाय. त्येका कळला तर भाव डोक्यार चढतलो."

"माका शिकव नको," काका म्हणाले. "मी त्येच्याशी एक अक्षर बोलूचंय नाय."

माझा बेत साधा होता. त्या खुर्चीच्या भावावरून मनसोक्त भांडायचं, ती घ्यायची आणि निघता निघता म्हणायचं, ते बाकडंही टाका, आंगणात काजू वाळत घालायला होईल. पहिला भाग झकास झाला. खुर्चीवरून आम्ही दोघंही घसा बसेपर्यंत बोललो. तो रडकुंडीला आला, मी दोनदा टेंपोत जाऊन बसले, शेवटी त्याने हात जोडले. दोन हमाल खुर्ची उचलायला पुढे झाले.

तेवढ्यात काकांना वाटलं, आपली वेळ झाली. ते थेट मागे गेले, नारळ त्या बाकड्यावर ठेवला, टोपी सारखी केली आणि सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," हमाल म्हणाले. हातातली खुर्ची त्यांनी खाली ठेवली.

"आज ह्या लेकरान तुका नारळ ठेवल्यान हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी गोदामवालाही म्हणाला. तो मोबाइलमध्ये बघत होता. आमच्याकडे हे कोणाला ठरवून म्हणावं लागत नाही, आपोआप येतं.

"आमच्या घरातला ह्या शिसवी बाकडा, जा चुकान भायर गेला, ता आपल्या जाग्यार परत येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"देणाऱ्याची बरकत होवंदे, घेणाऱ्याची फसगत होव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि घरातल्या माणसांत जा काय वाकडा झाला आसात, ता सरळ कर. थोरल्याक ह्याच बाकड्यार बसवन धाकटेच्या हातची चाय गावंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात माझाही आवाज होता. तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं.

गोदामवाल्याने मोबाइल खिशात ठेवला. "वयनी, बाकडा तुमचा? आणि तुम्ही सकाळपासून खुर्चेसाठी माजो जीव खाल्लात?"

मी काकांकडे बघितलं. काका शांतपणे म्हणाले, "मी त्येका सांगलंय खंय? मी देवाक सांगलंय."

मग खरी लढाई झाली. त्याने रिसॉर्टवाल्याचा भाव सांगितला. मी म्हटलं, "आत्ताच व्हय म्हटलंस मां, घेणाऱ्याची फसगत नको म्हणान?" तो म्हणाला, "देणाऱ्याची बरकत पण म्हटलंय." त्याने आकडा वर नेला की काका नारळावर हात ठेवून खाकरायचे. मी आकडा खाली ओढला की माझ्याकडे बघूनही खाकरायचे. हमाल खुर्चीवर बसून मजा बघत होते. शेवटी गोदामवाला वैतागून म्हणाला, "बरा. माका पडलो तो भाव आणि वाहतूक. नारळाची शपथ." आणि त्याने आपल्याला पडलेला भाव सांगितला.

तो ऐकून घरची सून म्हणून माझ्या अंगाची लाही झाली. त्याहूनही कमी पैशात भावोजींनी ते टेंपोवाल्याला दिलं असणार. आणि घेणारी म्हणून मी मनातल्या मनात उडी मारली. दोन्ही एकाच वेळी कसं होतं, ते भाव केलेल्या माणसालाच कळेल.

बाकडं भिंतीला लावलं आणि पडवी भरली. वर रंगीत तावदान, बाजूला नवऱ्याची रेलणारी खुर्ची, मधे बाकडं. त्यावर मी एकही गादी घातली नाही. पण काका रोज सकाळी दारात येऊन विचारायला लागले, "थोरलो इलो काय गो?" व्हय म्हाराजा म्हटल्यावर सुटका नसते. मी नवऱ्याकरवी निरोप धाडला.

भावोजी आले. सवयीने प्लॅस्टिकची खुर्ची शोधायला लागले. मी म्हटलं, "हय बसा." ते बाकड्याच्या कडेवर बसले, त्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ढेकूण झाले होते गो. म्हणान दिलंय."

"ढेकणाचा औषध बाजारात गावता, भावोजी."

"व्हय. ता तेव्हा सुचला नाय."

मी आत गेले आणि स्वतःच्या हाताने चहा केला. आलं घातलं, दूध घातलं, साखर मात्र चमचाभरही घातली नाही. गाऱ्हाण्यात चहा देईन असं होतं, गोड देईन असं नव्हतं. कप त्यांच्या हातात दिला आणि तोंड कसं वाकडं होतंय ते बघत उभी राहिले.

भावोजींनी एक घोट घेतला, मग दुसरा. माझ्याकडे बघताना त्यांचे डोळे जरा पाणावले होते.

"डॉक्टरान साखर बंद केल्यान," ते म्हणाले. "घरात कोणाच्या ध्यानात रवणा नाय. तुका कोणी सांगला?"

मी पदर सारखा केला आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"कळता माका," मी म्हटलं.