थायलंडचं जहाज आणि खांदेश्वरची गाडी

महाप्याला नोकरीला होतो तेव्हा आमच्या कारखान्यासमोर एक भजीवाला गाडी लावायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. भजी बांधायचा रद्दीचा कागद तो आधी पूर्ण वाचायचा, मग गिऱ्हाईक कितीही ताटकळो.

एकदा माझ्या कागदावर थायलंडच्या आरमाराची बातमी निघाली. त्यांनी नवंकोरं विमानवाहू जहाज घेतलं होतं, पण त्यावरून उडतील अशी विमानं मोजकीच होती. त्यानं झारा खाली ठेवला.

"म्हंजे कढई आनली, नि तलायला कायच नाय," तो म्हणाला.

संरक्षणावरचे लांबलचक लेख मी वाचायचो, पण एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. मला हसू आलं. तो मात्र गंभीर होता.

"साहेब, माझा मेव्हना मागं लागलाय. खांदेश्वरला दुसरी गाडी लाव बोलतो. पन तिथं तलनार कोन?"

तेवढ्यात घाणा करपला. तो त्यानं तसाच मला बांधून दिला, पण वेगळ्या कागदात. बातमी खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा गाडीवर हजर होता. भजीवाल्यानं कागद त्याच्यासमोर धरला.

"वाच. यांच्यात पन कुनाचा तरी मेव्हना असनार."

मेव्हण्यानं बातमी दोनदा वाचली आणि मुकाट्यानं कांदे कापायला बसला.